सातशे सातचं झाकण

आमची थोरली पुण्यात नोकरीला लागली आणि दोन महिने व्हायच्या आत कंपनीनं तिला दोन दिवसांच्या शिबिराला बसवलं. विषय काय, तर कामाच्या ठिकाणी वेगवेगळ्या पिढ्यांनी एकमेकांना कसं समजून घ्यावं. चहा-जेवणासकट. तिनं फोनवर हे सांगितलं आणि मी नेहमीसारखा घसा साफ केला. म्हटलं, ‘‘त्यात शिकायचं काय? मी फौंड्रीत दोन पिढ्यांच्या मधोमध बसून...’’

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, ‘‘सातशे सात.’’

एवढंच बोलली. साफ केलेला घसा वाया गेला. फोनवर थोरली फिदीफिदी हसायला लागली. आमच्या घरात हा आकडा खास माझ्यासाठी राखून ठेवलेला आहे. मी जरा शहाणपण सांगायला लागलो की कुणीतरी तो काढतंच. खरं तर ही गोष्ट मीच लग्नाकार्यात पंगत उठल्यावर सांगत आलो आहे, फक्त दर वेळी त्यातला माझा दोष थोडा थोडा झिजत गेला. दिवाळी अंकासाठी कामातला एखादा अनुभव लिहा असं संपादकांचं पत्र आलं, तेव्हा बायकोनं अट घातली, ‘‘लिहा. पण ह्या वेळी सगळं लिहा.’’

तर सगळं लिहितो.

नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला डिप्लोमा संपवून मी गारगोटीहून कोल्हापुरात आलो आणि एका फौंड्रीच्या पॅटर्न शॉपात चिकटलो. फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून ओतायचा कारखाना, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण पॅटर्न म्हणजे काय ते फौंड्रीच्या दारात चहा विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. जी वस्तू लोखंडात हवी, ती आधी लाकडात घडवायची. ते लाकूड वाळूत दाबायचं, हलक्या हातानं उचलून घ्यायचं, आणि वाळूत जी पोकळी राहील तीत वितळलेलं लोखंड ओतायचं. झालं. ऐकायला गणपतीच्या साच्याइतकं सोपं.

गंमत पुढं आहे. लोखंड थंड होताना आकसतं. शंभराला एक, असा साधारण हिशेब. म्हणजे सातशे मिलिमीटरची वस्तू हवी असेल तर लाकूड सातशे सातचं करावं लागतं. आता पॅटर्न करणारा माणूस प्रत्येक मापाला गुणाकार करत बसला तर काम कधी व्हायचं? म्हणून त्याच्याकडं एक खास पट्टी असते. तिच्यावर आकडे आपल्या पट्टीसारखेच, पण प्रत्येक घर जरासं लांब. तिच्यावर सातशे मोजलं की खऱ्या मापानं सातशे सात भरतं. डोकं चालवायची गरज नाही, आकसण्याचा हिशेब पट्टीतच भरलेला.

हे मला कॉलेजात शिकवलं असणारच. पण कामाच्या तिसऱ्या दिवशी मी ज्ञानू मिस्त्रींच्या बाकावरची पट्टी माझ्या पट्टीला लावून बघितली आणि चार माणसांत मोठ्यानं म्हणालो, ‘‘मिस्त्री, तुमची पट्टी चुकीची आहे.’’

ज्ञानू मिस्त्री कोडोलीचे. तेव्हा पन्नाशीच्या घरात, उंचीनं माझ्या खांद्याएवढे, कानावर पेन्सिल आणि मिशीत सागवानाचा भुसा. त्यांनी रंधा खाली ठेवला, पट्टी हातात घेतली, उन्हात धरून खालीवर बघितली आणि गंभीरपणे म्हणाले, ‘‘व्हय की! तीस वरसं कुणाच्या ध्येनातच आलं न्हाय बगा. बरं झालं सायब तुम्ही आला.’’ मग अख्ख्या शॉपला हाक मारली. ‘‘अरं या रं सगळी! डिप्लोमावाल्यानं चूक काढलीया!’’

पुढचे दोन महिने माझं नाव ‘पट्टीवाले’ होतं. पण त्या दोन महिन्यांत आणि पुढच्या दहा वर्षांत जे काही मला येतं ते त्या माणसानं शिकवलं. लाकडाची शीर कुठल्या अंगाला वळते, वाळूतनं पॅटर्न सहज सुटायला कडेला किती उतार द्यायचा, पटाशीला धार आली हे अंगठ्याच्या नखावर कसं ओळखायचं. त्यांना कागदावरचं चित्र एकदा दाखवलं की डोळे मिटून ती वस्तू ते आतून-बाहेरून फिरवून बघत. एकदा एका पंपाच्या चित्रात गिऱ्हाईक कंपनीच्या इंजिनिअरनं एक भिंत अशी काढली होती की पोकळीसाठी आत भरलेली वाळू कधी बाहेरच आली नसती. मिस्त्रींनी नुसतं बघून सांगितलं, ‘‘ह्यातनं बाहेर पडायला वाळूला दार कुठाय?’’ कंपनीनं चित्र बदललं. मला माणसांत ते ‘सायब’ म्हणत आणि एकटा सापडलो की ‘चौगुल्या’. दोन्ही मला आवडायचं.

दोन हजार साल उलटलं आणि आमच्या मालकांनी, अण्णांनी, कॉम्प्युटर घेतला. अण्णा स्वतः भट्टीवर काम करून वर आलेले. आवाज असा की भट्टीचा पंखा चालू असतानाही ऑफिसात ऐकू यावा. कॉम्प्युटरवर चित्रं काढायला वैशाली कांबळे नावाची मुलगी आली. हातकणंगल्याची, नुकती इंजिनिअर झालेली. वडील रेल्वेत गँगमन, त्या वर्षीच निवृत्त होणार होते. धाकटा भाऊ अजून कॉलेजात. घरातली पहिली इंजिनिअर. रोज सकाळच्या पॅसेंजरनं यायची आणि गाडीला उशीर झाला तर स्टेशनापासून जवळजवळ धावत यायची. अण्णांनी तिला वर्षाच्या बोलीवर घेतलं होतं.

कामात ती पहिल्या दिवसापासून चोख. आम्ही दोन दिवस घासायचो ते चित्र ती दुपारपर्यंत काढायची, आणि मशीनवर ती वस्तू अशी गरगर फिरवून दाखवायची की मला मिस्त्रींचे मिटलेले डोळे आठवायचे. फरक इतकाच, की हिचं फिरवणं आम्हाला सगळ्यांना दिसायचं.

पण तिची काचेची केबिन ऑफिसात आणि मिस्त्रींचं बाक पॅटर्न शॉपात. मध्ये अंगण, आणि अंगणाच्या मधोमध मी, पस्तिशीकडं झुकलेला सुपरवायझर. दोघं एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं. मिस्त्रींना वाटायचं, शिकलेल्या पोरीपुढं आपलं बोलणं गावंढळ दिसेल. तिला वाटायचं, एवढ्या जाणत्या माणसाला आपण काय सांगायचं. मग दोघंही मला सांगायची. आणि मी? मी खूश! दोन्ही पिढ्या समजणारा कारखान्यातला एकमेव माणूस, असं मी स्वतःलाच नेमून टाकलं.

निरोप मी जसाच्या तसा कधीच नेला नाही. वैशाली म्हणायची, ‘‘सर, काकांना सांगा, हा आतला कोपरा टोकदार ठेवू नका, तिथं तडा जाईल.’’ मी अंगण ओलांडून म्हणायचो, ‘‘मिस्त्री, तुमचं काय मत? इथं जरा गोलाई बरी दिसेल का?’’

‘‘ती कालच दिलीया. सांग त्या पोरीला, सुताराच्या पोटच्याला कोपरं शिकवू नगं.’’

मी परत अंगण ओलांडून म्हणायचो, ‘‘काका म्हणाले, सूचना छान आहे.’’

संध्याकाळी घरी हे मी मोठ्या ऐटीत सांगायचो. बायको भाकरी थापता थापता म्हणाली होती, ‘‘तुम्ही पोस्टमन हाय का सेन्सॉर? लोकांची पत्रं फोडून त्यात आपला मजकूर घालताय.’’ मी म्हटलं, याला व्यवस्थापन म्हणतात. ती म्हणाली, ‘‘असंल.’’

अशात एक मोठं काम आलं. गिअरबॉक्सची लोखंडी झाकणं. पहिली चाळीस लगेच हवी होती, ती बसली तर पुढं दरमहा. काम देणाऱ्या कंपनीनं त्यांचा एक तयार गिअरबॉक्सच आमच्याकडं पाठवून दिला, झाकण बसवून बघायला. अण्णांनी आम्हाला बोलावलं आणि सगळ्यांदेखत वैशालीला सांगितलं, ‘‘हे बग पोरी, हे झाकण बसलं की तू कायम. न्हाय बसलं तर कंपूटर घरी न्हेतो, नातू खेळंल त्याच्यावर. मग तुलाबी इथं काम उरायचं न्हाय.’’ ते रागानं बोलले नव्हते. त्यांची सरळ बोलायची पद्धत ती. वैशालीनं मान हलवली, पण हातातल्या वहीचा कोपरा दुमडून दुमडून पार तुटेस्तोवर दुमडला.

तिनं तीन दिवसांत चित्र केलं. मला देताना म्हणाली, ‘‘सर, ह्या वेळी आकसण्याचं माप मी चित्रातच वाढवलंय. सगळे आकडे शंभराला एकनं मोठे आहेत. तेवढं काकांना सांगा, त्यांची ती लांब पट्टी वापरू नका, साधी घ्या.’’

मी चित्र घेऊन निघालो. अंगणाच्या मध्यावर माझी पावलं जड झाली. ज्ञानू मिस्त्रींना जाऊन सांगायचं, की तुमची पट्टी ठेवून द्या? मी? पट्टीवाल्यानं? त्यांच्या हातातली चाळीस वर्षांची पट्टी एका पोरीच्या शब्दावरून खाली ठेवायला लावायची, म्हणजे अपमानच की. म्हटलं, जरा वेळ बघून, गोडीनं सांगू. आणि बाकापाशी जाऊन मी काय म्हणालो? ‘‘मिस्त्री, चित्र तेवढं नीट बघून घ्या बरं का.’’

‘‘कवा न्हाय बघितलं?’’ मिस्त्री म्हणाले.

गोडीची ती वेळ आली नाही. मधे दोन दिवस मी दुसऱ्या कामावर होतो. तिसऱ्या दिवशी मात्र मिस्त्रींनी मला हाक मारली. ‘‘चौगुल्या, हे सातशे सात कसलं रं? झाकण सरळ सातशे का न्हाय?’’

देवानं ताट वाढून समोर ठेवलं होतं. पण तोवर सागवान कापून झालं होतं, त्यांची पट्टी लाकडावर टेकलेली होती. मी म्हणालो, ‘‘कॉम्प्युटरचे आकडे असेच असतात, मिस्त्री.’’

‘‘असतील बाबा,’’ ते म्हणाले आणि त्यांच्या लांब पट्टीवर सातशे सात मोजायला लागले. मी मनाशी म्हटलं, एक टक्का काय, एवढं तेवढं खपून जाईल. पॅटर्न शॉपात बारा वर्षं काढलेल्या माणसानं हे म्हणावं! आज लिहितानाही लाज वाटते.

व्हायचं तेच झालं. लाकूड भरलं सातशे चौदा. ओतलं, थंड झालं, झाकण निघालं बरोबर सातशे सात. गिअरबॉक्सवर ठेवलं तर दोन्हीकडून साडेतीन-साडेतीन बाहेर, आणि बोल्टच्या जागचे उंचवटे सगळे सरकलेले. कडा घासून घालवता आल्या असत्या, बोल्ट कुठं घासणार? नवं लाकडी पॅटर्न करायचं तर दोन आठवडे. झाकणं द्यायला उरले होते दहा दिवस.

अण्णांनी झाकणावर बोटं वाजवली. ‘‘बसलं कंपूटर,’’ ते म्हणाले.

‘‘चूक माझी हाय,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘लाकूड माझ्या हातचं हाय.’’

‘‘नाही अण्णा, माझीच,’’ वैशाली म्हणाली. ‘‘मी चित्रावर तसं लिहायला हवं होतं.’’

अण्णा एकदा ह्याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघायला लागले. चुकीसाठी दोन दावेदार त्यांनी उभ्या जन्मात बघितले नव्हते. आणि तिसरा, खरा दावेदार गिअरबॉक्सच्या मागं उभा राहून त्याच्यावरची धूळ रुमालानं पुसत होता. अण्णा म्हणाले, ‘‘भंगारात टाका हे,’’ आणि निघून गेले.

जेवणाच्या सुट्टीत वैशालीनं डबा उघडला नाही. केबिनमध्ये बसून ती टेबलाचा खण रिकामा करत होती. मी अंगणात घुटमळत होतो, आत जायचा धीर नव्हता. तेवढ्यात मिस्त्री आले. मला ओलांडून, चपला काढून, आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या काचेच्या केबिनमध्ये शिरले. वैशाली उठून उभी राहिली.

‘‘बस, बस. एक इचारायचं हुतं पोरी. सातशे सात तू कुठनं आणलंस?’’

‘‘शंभराला एक वाढवलं ना काका. आकसतं म्हणून.’’

‘‘वाढवलंस? आन मला सांगितलं न्हाईस?’’

‘‘सरांना सांगितलं होतं. साधी पट्टी घ्या म्हणून.’’

मग दोघांनी एकदमच काचेतून माझ्याकडं बघितलं. काच हा प्रकार मला तेव्हापासून आवडत नाही. मी आत गेलो. ‘‘मी सांगितलं नाही,’’ म्हणालो. ‘‘तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.’’

‘‘मला?’’ मिस्त्री माझ्याकडं बघतच राहिले. ‘‘अरं, साधी पट्टी घे म्हटलं असतं तर साधी घेतली असती. पट्टी काय माझी बायको हाय व्हय, सोडायला लागली म्हणून रडायला?’’ मग ते मला विसरले आणि तिच्याकडं वळले. ‘‘म्हंजे तू एकदा वाढवलंस, मी एकदा वाढवलं. दोनदा झालं. दोनदा तर आमी फकस्त...’’

ते थांबले. पेन्सिल कानावरून हातात आली.

‘‘फक्त कधी, काका?’’

‘‘माल लई काढायचा असला की लाकूड झिजतंय. मग पॅटर्नच लोखंडाचं ओतायचं. त्येच्यासाठी लाकूड दोनदा वाढवायला लागतंय. एक डाव लोखंडी पॅटर्न आकसणार, एक डाव माल आकसणार...’’

वैशालीनं कागद ओढला. सातशे चौदा. खाली सातशे सात. खाली सातशे. तिनं वर बघितलं, मिस्त्रींनी तिच्याकडं बघितलं, आणि तिच्या तोंडून किंचाळीच निघाली, ‘‘काका, ते झाकण नाहीच! ते पॅटर्न आहे!’’

‘‘आन ते भंगारात हाय!’’ मिस्त्री ओरडले.

वितळवायचं भंगार आधी घणानं फोडतात, ते काम जेवणानंतर लगेच सुरू होतं. त्या दोघांना भट्टीच्या मागच्या आवारात धावताना ज्यांनी बघितलं ते अजून सांगतात. मिस्त्री अनवाणी, वैशालीची ओढणी मागं जमिनीवर लोळतेय. घणवाल्यानं घण डोक्यावर उचललेला. मिस्त्रींनी लांबूनच अशी शिवी हासडली की तो बिचारा घण तसाच वर धरून गोठला. वैशालीनं झाकणावर दोन्ही हात पसरले. मी सगळ्यात शेवटी पोचलो, धापा टाकत, करायला काहीच शिल्लक नसताना.

पुढचे दोन दिवस ती दोघं त्या लोखंडावर वाकलेली होती. मिस्त्री कानशीनं घासायचे, वैशाली माप घ्यायची. ‘‘इथं थोडं आहे अजून, काका.’’ ‘‘किती?’’ ‘‘केसभर.’’ ‘‘तुज्या केसभर का माज्या? माजं पातळ झाल्यात.’’ मला कुणी काही विचारत नव्हतं. मी लांबून बघत होतो आणि मनात आलं, हे दोघं एकच काम करतात. आठ महिने मी दोन कामं समजून मध्ये पूल बांधत बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी त्या लोखंडी पॅटर्नवरून पहिलं झाकण निघालं. अण्णांनी स्वतः गिअरबॉक्सवर ठेवलं. ते बसलं. बोटानं कड चाचपली तर नख अडकेना. अण्णा खूश झाले आणि मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘‘चूक तुझी, निस्तारलीबी तूच. अनुभव तो अनुभव. मग मला सांग, कंपूटर कशाला पायजे?’’

मिस्त्री काही बोलायला गेले, पण अण्णांपुढं एकाच दमात सगळं सांगणं त्यांना जमेना. वैशाली खाली बघत होती. ती बोलली असती तर माझं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते ती घेणार नव्हती. मिस्त्रीही घेणार नव्हते. दोघांनी तीन दिवस ते गिळलं होतं. मला दोन लहान पोरं होती, घराचा हप्ता होता, आणि अण्णांचा राग मी बारा वर्षं बघितला होता.

‘‘अण्णा,’’ मी म्हणालो. आवाज माझाच होता की काय, शंका आली. ‘‘चित्र बरोबर होतं. मिस्त्रींचं लाकूडही चित्राप्रमाणं बरोबर होतं. साधी पट्टी घ्या असा हिचा निरोप होता, तो मी पोचवला नाही. मिस्त्रींनी सातशे सात कसलं म्हणून विचारलं, तेव्हाही उडवून लावलं. ह्यातनं वाट काढली ती ह्या दोघांनी मिळून. हिनं मांडून दाखवलं नसतं तर ते झाकण त्याच दिवशी फुटलं असतं.’’

अण्णांनी डोळे बारीक केले. ‘‘म्हंजे पोरगी बरोबर. मिस्त्री बरोबर. आन मधला चुकला.’’

‘‘व्हय,’’ मी म्हणालो. घाबरलो की गारगोटी तोंडात येते.

‘‘मग मधलंच काढू या की.’’

मिस्त्री एक पाऊल पुढं आले. अण्णांनी हात वर केला.

‘‘तुला न्हाय रं. ते अंगाण. पोरीचं टेबल आजच्या आज पॅटर्न शॉपात हलवा. ही कायम. आन चौगुले, आजपास्नं निरोप सांगायचं काम बंद. तुमचं तुमी करा.’’

दुपारी आम्ही सामान हलवलं. चौघांनी टेबल उचललं, कॉम्प्युटरचा तो डबा, तेव्हाचा, पोत्याएवढा जड, माझ्या हातात दिला. आत जाऊन बघतो तर दोघांचं जुंपलेलं.

‘‘काका, इथं नको. भुशानं मशीन खराब होईल.’’

‘‘चाळीस वरसं माज्या छातीत जातोय, मी झालो व्हय खराब?’’

‘‘तुम्ही रोज खोकता.’’

‘‘मग त्येलाबी खोकू दे.’’

‘‘मधे पडदा लावू. आणि तुम्हीपण तोंडाला फडकं बांधायचं.’’

‘‘आता ही मला फडकं बांधायला लावणार!’’ मिस्त्री माझ्याकडं बघून ओरडले. मी सवयीनं दोघांचं समाधान होईल असं काहीतरी गोड बोलायला तोंड उघडलं. तोवर त्यांनी मान तिकडं वळवली होती आणि खिडकीजवळची जागा हातानं झाडून तिला दाखवत होते, ‘‘हितं? उजेडबी हाय.’’ ती म्हणाली, हितं चालेल. मी डबा धरून उभा होतो, हात भरून आले होते, आणि दोघांपैकी एकालाही माझी आठवण नव्हती.